छोट्या कोळसा स्मोकरच्या नोंदी: हवा, राख आणि धूर

९ नोव्हेंबर

यंत्र असं आहे: उभा, रंगवलेल्या पत्र्याचा, तीन तुकड्यांचा स्मोकर, म्हणजे कोळशाच्या मंद आचेवर आणि धुरावर मांस शिजवायचं साधन. व्यास सुमारे ३७ सेंटीमीटर. तळाला कोळशाचं घमेलं, मध्ये दार असलेलं नळकांडं, वर घुमटासारखं झाकण. नळकांड्याच्या आत पाण्याचं भांडं आणि त्याच्या वर दोन जाळ्या. तुकडे एकात एक बसतात आणि गाडीच्या डिकीत मावतात. घेण्याचं कारण तेवढंच.

नीट पाहिल्यावर दिसलेल्या उणिवा: घमेल्यात कोळशासाठी जाळी नाही, कोळसा थेट पत्र्यावर पडतो. हवेसाठी तळाला मधोमध एकच भोक, तेही उघडझाप न होणारं. झाकणाला धुराडंच नाही. धूर कडेच्या फटीतून वाट काढतो. झाकणावरच्या काट्याच्या तबकडीवर आकडे नाहीत, फक्त ‘कमी’, ‘योग्य’, ‘जास्त’ असे पट्टे. दार पत्र्याच्या एका जिभेवर अडकतं आणि बोट लावलं की हलतं. स्वस्त उभ्या स्मोकरमध्ये हे दोष थोड्याफार फरकाने सगळीकडे सापडतात, म्हणून या नोंदी ठेवतोय.

आजचं काम एवढंच: मांस न ठेवता रिकामाच पेटवला. कारखान्यातलं तेल आणि कच्चा रंग जळून जाईपर्यंत घाण वास येत राहतो. तासाभराने तो बसला. ही पायरी टाळू नका, नाहीतर तो वास पहिल्याच जेवणात उतरेल.

१० नोव्हेंबर

जाळीच्या उंचीवर धरता येईल असा दोन तारांचा डिजिटल थर्मामीटर आणला. एक तार मांसात, दुसरी जाळीवर. स्मोकरच्या निम्म्या किमतीचा आहे, पण या सगळ्या उद्योगात पहिला खर्च कशावर करायचा असेल तर तो यावर. आधी तपासून घेतला: बर्फ घातलेल्या पाण्यात ० आणि उकळत्या पाण्यात १००च्या आसपास आला पाहिजे. उंचावर राहणाऱ्यांनी दर ३०० मीटरला साधारण एक अंश वजा धरावा.

मग रिकामा स्मोकर पुन्हा पेटवला आणि दर पंधरा मिनिटांनी आकडा लिहीत बसलो. झाकणाचा काटा ‘योग्य’च्या मधोमध आला तेव्हा जाळीवर होते ८८ अंश. एवढ्या आचेवर मांस शिजायला इतका वेळ लागेल की ते ४ ते ६० अंशांच्या पट्ट्यात नको तितकं रेंगाळेल, आणि जंतू नेमके त्याच पट्ट्यात वाढतात. मला हवेत १०७ ते १२१. काट्यावर काळ्या चिकटपट्टीचा तुकडा लावून टाकला. डोळ्यांसमोर असला की विश्वास बसतोच.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. दीड तासानंतर आकडा घसरायला लागला. कोळसा संपला असेल म्हणून दार उघडलं तर निम्म्याहून जास्त शिल्लक, पण राखेत गाडलेला. घमेलं हलवलं की दहा मिनिटं धग वाढायची, पुन्हा मान टाकायची. म्हणजे कमतरता कोळशाची नाही, हवेची. राख खाली पडायला जागाच नाही, ती निखाऱ्यांभोवती साचते आणि तळाचं एकुलतं एक भोक बुजवते. मोठ्या स्मोकरमध्ये ही चूक खपून जाते, कारण तिथे जागा असते. इथे मूठभर राखसुद्धा आग मारते.

१६ नोव्हेंबर

छिद्रांचा दिवस. तळाचं मधलं भोक स्टीलच्या वायसर आणि बोल्टने कायमचं बंद केलं. घमेल्याच्या कडेला, तळापासून चार बोटं वर, एकमेकांपासून सारख्या अंतरावर तीन छिद्रं पाडली, प्रत्येकी १९ मिलिमीटरची. वर पाडायची कारण राख साचली तरी ती बुजत नाहीत. झाकणाच्या माथ्याजवळ एक मोठं छिद्र, २५ मिलिमीटरचं. प्रत्येकावर पत्र्याची गोल चकती एका बोल्टवर बसवली. फिरवली की छिद्र उघडतं किंवा झाकतं. बोल्टखाली स्प्रिंग वायसर घातला नाही तर चकती आपोआप सैल होऊन घसरते. माझी पहिली घसरली.

ड्रिलबद्दल: पायऱ्यांचा शंकूसारखा बिट वापरा. साधा मोठा बिट पातळ पत्र्यात अडकतो आणि घमेलं हातातून हिसकावून घेतो. आधी छोटं छिद्र, मग पायरीपायरीने मोठं. कडा कानशीने घासून घ्या, बोट कापतं. ज्यांचं घमेलं रंगाऐवजी काचमुलाम्याचं आहे त्यांनी जागेवर चिकटपट्टी लावून अगदी हळू भोक पाडावं, मुलामा टवका धरून उडतो आणि तिथून गंज सुरू होतो.

कोळशासाठी गोल जाळी हवी होती. तीन लांब बोल्ट घमेल्याच्या भिंतीतून आत काढून त्यांच्यावर ती ठेवली, हवेच्या छिद्रांच्या जरा वर. आता राख खाली, निखारे वर आणि मधून हवा. जाळीवर जाड छिद्रित पत्र्याचं एक कडं उभं केलं, कोळसा पसरू नये म्हणून.

एक गोष्ट ठासून सांगतो: आगीजवळ जस्ताचा मुलामा दिलेलं काहीही लावू नका. बोल्ट नाही, जाळी नाही, बादलीचा पत्रा नाही. तापल्यावर जस्ताची वाफ निघते आणि ती छातीला वाईट. दुकानात चकचकीत दिसणारे बहुतेक स्वस्त बोल्ट जस्ताचेच असतात. स्टेनलेसचे मागून घ्या, चार पैसे जास्त जातील.

अख्खा दिवस गेला. त्यातला बराचसा वेळ योग्य मापाची जाळी शोधण्यात. शेवटी मोठी घेऊन कापली.

१७ नोव्हेंबर

कालच्या कामाचं फळ: तापमान २१० अंशांवर! आता हवा इतकी मोकळी झाली की तळाच्या तिन्ही चकत्या पूर्ण बंद केल्या तरी १५०च्या खाली येईना. एक रोग बरा करताना दुसरा उघडा पडला. चकत्या बंद असून आग जगतेय याचा अर्थ हवा दुसरीकडून येतेय. पेटलेली अगरबत्ती सांध्यांजवळून फिरवली. धूर जिथे आत ओढला जातो तिथे गळती. दाराच्या चारही कडा, आणि घमेलं व नळकांडं जिथे जुळतात ती पूर्ण कड. वरच्या झाकणाच्या कडेने धूर बाहेर येत होता, ते फारसं बिघडवत नाही. खालून आत येणारी हवा आग वाढवते, वरून बाहेर जाणारी तितका त्रास देत नाही.

२३ नोव्हेंबर

शेगडीच्या दारांना लावतात ती काचतंतूची चपटी दोरी आणली. दाराच्या आतल्या कडेला आणि घमेल्याच्या ओठावर चिकटवली. घरात पडलेलं साधं सिलिकॉन वापरलं ते पहिल्याच आचेत पोपडे धरून निघालं, वासही आला. सगळं खरवडून, पत्रा घासून, स्पिरिटने पुसून उच्च तापमानाचं सिलिकॉन लावलं आणि पाकिटावर लिहिल्याप्रमाणे चोवीस तास हात लावला नाही. दाराची जीभ पकडीने थोडी आत वाकवली म्हणजे दार दाबून बसतं.

पुन्हा अगरबत्ती. दाराच्या खालच्या कोपऱ्यात अजून जरासं ओढतंय. सोडून दिलं. धूर आणि चरबी यांची काजळी अशा बारीक फटी हळूहळू स्वतःच भरते.

आता तिन्ही चकत्या बंद केल्या की तापमान उतरतं आणि आग विझते. हीच खरी परीक्षा. जो स्मोकर विझवता येत नाही तो ताब्यातही ठेवता येत नाही.

२४ नोव्हेंबर

पेटवण्याच्या पद्धती. सगळा कोळसा चिमणीत (कोळसा पेटवायच्या उभ्या नळकांड्यात) लाल करून ओतला तर एवढ्याशा डब्यात तापमान एकदम वर जातं आणि दोन तासांत सगळं जळून जातं. टिकली ती जिम मिनियन यांच्या नावाने ओळखली जाणारी पद्धत: कड्यात न पेटलेला कोळसा भरायचा, मध्ये खळगा करायचा आणि चिमणीत लाल केलेले थोडेच निखारे त्या खळग्यात ठेवायचे. आग मधून बाहेरच्या दिशेने सावकाश सरकत जाते. माझ्या घमेल्यात अडीच किलो ब्रिकेट्सवर (कोळशाच्या भुकटीच्या दाबून केलेल्या एकसारख्या वड्या) आठ-दहा लाल निखारे पुरतात. पंधरा ठेवले की बेत बिघडला.

चकत्यांचा नियम: वरचं धुराडं नेहमी उघडं, खेळ फक्त खालच्यांशी. ९५ अंश दिसले की तिन्ही चकत्या एक चतुर्थांशावर आणायच्या. ११० येईपर्यंत वाट पाहिली तर आकडा १४०ला जाऊनच थांबतो, आणि पेटलेले निखारे परत थंड करणं फार वेळखाऊ. चढताना पकडायचं, उतरवायचं नाही. आणि चकती हलवली की किमान दहा मिनिटं हात खिशात. मी पहिल्यांदा दर दोन मिनिटांनी हलवत होतो, आकडा झोक्यासारखा वरखाली.

लाकडी कोळशाचे ओबडधोबड तुकडे विरुद्ध ब्रिकेट्स: तुकड्यांची राख कमी आणि आच जास्त, पण आकार एकसारखे नसल्याने लहान घमेल्यात आग कधी उडी मारते, कधी पोकळीत अडकून विझते. पोत्याच्या तळाचा चुरा तर हवाच अडवतो. इथे ब्रिकेट्सच बरे. पेटवण्याचं रसायन आधीच शोषलेले ब्रिकेट्स मात्र घेऊ नका. या पद्धतीत नवा कोळसा शेवटपर्यंत पेटतच राहतो, म्हणजे ते रसायन शेवटपर्यंत मांसाखाली जळत राहणार.

३० नोव्हेंबर

पहिलं मांस. कोंबडी, कारण बिघडली तरी फार हळहळ नाही. पाठीचा कणा कात्रीने काढून सपाट केली, आदल्या रात्री वजनाच्या दीड टक्का मीठ चोळून उघडीच फ्रीजमध्ये ठेवली. ११० अंशांवर तीन तासांनी छातीच्या जाड भागात ७४ अंश.

मांस रसाळ. कातडी रबर. चव कडू.

कडू का ते लगेच कळलं. लाकडाच्या चिपा अर्धा तास पाण्यात भिजवून मूठमूठ टाकल्या होत्या, आणि धुराड्यातून पांढरा दाट धूर निघत होता. तेव्हा तो बघून बरंच वाटलं होतं. पाणी लाकडात फार खोल जातच नाही. वरचं पाणी आधी वाफ होऊन उडतं, तोवर निखारे थंडावतात आणि लाकूड पेटण्याऐवजी धुमसतं. तोच दाट धूर मांसावर डांबरासारखा थर बसवतो. हवा तो जवळजवळ न दिसणारा, उन्हात निळसर भासणारा विरळ धूर.

आता चिपा बंद. मुठीएवढे कोरडे ठोकळे, दोन किंवा तीन, कोळशात पुरून. फळझाडाचं किंवा कुठलंही कठीण, वाळलेलं लाकूड चालतं. चीड-देवदारासारखं राळेचं लाकूड, प्लायवूड, रंगवलेलं फर्निचर, माल वाहून आणणाऱ्या फळकुटांचे तुकडे: यातलं काहीही नाही. आणि सुरुवातीचा पांढरा धूर ओसरल्याशिवाय मांस आत ठेवायचं नाही, याला वीस-तीस मिनिटं लागतात.

७ डिसेंबर

कोंबडी पुन्हा, पाण्याचं भांडं काढून. कातडीतली चरबी वितळून ती कडक व्हायला १५०च्या वर आच लागते, आणि भांड्यात पाणी असताना हा स्मोकर तिथे जातच नाही. पाणी १००च्या वर तापत नाही, उष्णता वाफेवर खर्च होत राहते. भांडं काढलं, चकत्या अर्ध्या उघडल्या, १६० अंश, सव्वा तासात काम फत्ते. मांड्या ८० पुढे गेल्या तरी हरकत नाही, उलट चांगल्या लागतात. कातडी कुरकुरीत. चरबी थेट निखाऱ्यांवर ठिबकते म्हणून कोंबडी वरच्या जाळीवर ठेवावी, खालच्या जाळीवर आगीचे लोळ पोहोचतात.

लांब चालणाऱ्या कामाला मात्र भांडं हवंच. या भांड्यात दोन लिटरही मावत नाही आणि ते अडीच तासांत आटतं. आटलं की तापमान एकदम वीस अंश चढतं, वर भांड्यात पडलेली चरबी करपून घाण धूर होतो. भांड्यात फॉइल अंथरून वाळू भरून पाहिली, तिच्यावर आणखी एक फॉइल. वाळू आटत नाही, आच स्थिर ठेवते, पण गरम व्हायला वेळ घेते आणि पाण्यासारखं तापमान दाबून धरत नाही. जुन्या गळक्या स्थितीत पाणीच लागलं असतं. आता चकत्या काम करतात, म्हणून वाळू. वजन वाढतं, हा तोटा. बाहेर नेताना वाळूची पिशवी वेगळी उचलावी लागते.

१४ डिसेंबर

पोर्कचा खांदा, हाडाविना, १.८ किलो. याहून मोठा तुकडा या जाळीवर कडेला टेकतो आणि कडेला आच जास्त असते.

सकाळी साडेसातला ठेवला, जाळीवर ११५. साडेदहापर्यंत मांसात ६७ अंश. आणि मग गाडी थांबली. बारा वाजता ६९. हे होणार हे माहीत असूनही हात चकतीकडे जातोच. मांसाच्या पृष्ठभागावरचं पाणी घामासारखं उडत राहतं आणि आत येणारी उष्णता त्यातच संपते. आग ठीक असते, आकडा मात्र हलत नाही. आग वाढवली नाही. साडेबाराला, बाहेरची साल गडद तपकिरी आणि कोरडी झाल्यावर, तुकडा दुहेरी फॉइलमध्ये घट्ट गुंडाळला. बाष्पीभवन थांबलं, आकडा चढू लागला.

दोन वाजता मात्र जाळीवर ९८. सहा तासांच्या पुढे इतकी राख झाली होती की कोळशाच्या जाळीखालची जागा भरत आली. स्टेनलेसची वाकडी सळई हवेच्या छिद्रातून आत घालून हलवली, राख बसली, पाच मिनिटांत १०८. आता ही सळई स्मोकरच्या पायाला तारेने बांधलेली असते. दारातून डझनभर ब्रिकेट्स आत टाकले, आधी चिमणीत पेटवून. थंडे टाकले असते तर पुन्हा पांढरा धूर.

साडेतीनला ९५ अंश. पण आकड्यापेक्षा हाताला काय जाणवतं ते महत्त्वाचं: थर्मामीटरची तार मांसात घालताना अडथळा लागता कामा नये. चिवट तंतूंना जोडणारं कोलॅजन विरघळून जिलेटिन व्हायला तापमान आणि वेळ दोन्ही लागतात. फॉइलसकट जुन्या टॉवेलमध्ये गुंडाळून थंडपेटीत ठेवला, बर्फाशिवाय अर्थात. दीड तासाने काढला तेव्हाही हात भाजत होता. काट्याने सुटला. कापल्यावर कडेला गुलाबी पट्टा दिसला. तो कच्चेपणा नाही: धुरातल्या वायूंचा मांसातल्या रंगद्रव्यावर होणारा परिणाम आहे, आणि चवीशी त्याचा संबंध नाही.

फॉइलमुळे साल मऊ पडली. पुढच्या वेळी शेवटची वीस मिनिटं फॉइल उघडून ठेवीन.

२१ डिसेंबर

प्रथमच उघड्या माळावर नेला. वारा होता. घरामागच्या भिंतीआड शिकलेलं सगळं निम्मं खोटं ठरलं. वारा थेट चकतीत शिरला की ती फुंकणीच होते: वाऱ्याच्या बाजूची चकती पूर्ण बंद ठेवूनही १४५. आणि वारा पडला की पातळ पत्रा धग धरत नाही, लगेच ९५. चाचपडत दोन तास गेले. शेवटी गाडीच्या आडोशाला नेला, पण गाडीपासून तीन मीटर दूर, आणि दोन फळ्यांचा आडोसा केला. वाऱ्याकडच्या दोन चकत्या बंद, विरुद्ध बाजूची एकच उघडी. मग स्थिरावला.

लहान पायांचा स्मोकर गवतावर ठेवू नये. तळ तापतो, खालचं गवत करपलं. पुढच्या वेळी खाली सिमेंटची फरशी.

पोर्कच्या बरगड्या होत्या. अख्खी पट्टी व्यासात मावत नाही, म्हणून मधोमध कापून दोन जाळ्यांवर. खालची जाळी दहा-बारा अंशांनी थंड, वाळूच्या भांड्याच्या सावलीत. अर्ध्या वेळेनंतर अदलाबदल केली. पाचेक तासांनी चिमट्याने टोकाला धरून उचलल्यावर मधोमध वाकून वरच्या सालीला तडा गेला, म्हणजे झाल्या.

परततानाची गोष्ट अधिक गंभीर आहे. चकत्या बंद करून तासाभराने बाहेरून हात लावला तर कोमट. डिकीत ठेवणारच होतो. घमेलं उघडून सळईने ढवळलं तर आत लाल. धुमसणारा कोळसा कार्बन मोनॉक्साइड सोडतो, त्याला ना वास ना रंग, आणि बंद गाडीत तो माणूस मारायला पुरतो. तंबूत, गॅरेजमध्ये, बंद गॅलरीत हेच. आता झाकणाचा पत्र्याचा डबा बरोबर नेतो: निखारे त्यात, वर पाणी, ढवळून परत पाणी, मगच डबा गाडीत. घरी असताना मात्र पाणी नाही: चकत्या बंद करून दुसऱ्या दिवसापर्यंत तसाच ठेवतो, न जळालेले ब्रिकेट्स झटकून पुन्हा वापरतो.

२८ डिसेंबर

देखभाल. झाकणाच्या आत काळे पापुद्रे लोंबायला लागले होते. ते रंग नव्हे, काजळी आणि चरबी. मांसावर पडण्याआधी चुरगळलेल्या फॉइलने खरवडले. आतून साबणाने धुतला नाही, तो थर पत्र्याला गंजापासून वाचवतो. जाळ्या तेवढ्या धुतल्या. राख मात्र प्रत्येक वेळी काढायची. दमट हवेत ती पाणी ओढते आणि घमेल्याच्या तळाला खाते. माझ्या जुन्या भोकाच्या वायसरभोवती तांबूस कडा दिसू लागलीच आहे. बाहेरून उच्च तापमानाचा रंग मारला, आतून नाही.

काचतंतूची दोरी दाराच्या वरच्या कडेला सुटतेय. तिथे चरबीचा ओघळ येतो, सिलिकॉन धरत नाही. तो भाग काढून दोरी पत्र्याच्या पट्टीखाली दाबून बारीक बोल्टने आवळायची आहे.

राहिलेली कामं: दाराला बिजागरी, थर्मामीटरची तार आत न्यायला नळकांड्यात वेगळं छिद्र (सध्या झाकणाखालून नेतो, तिथे तार चेपून एक निकामी झाली), आणि पायांना लांब बोल्ट लावून घमेलं जमिनीपासून आणखी चार बोटं वर.